तिसरी चौकट

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं खरं नाव पगारपत्रकाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना नकोकाकू म्हणत, आणि तेही तोंडावर. हॉस्पिटलात रुग्णांचे जे फोटो निघत, जखमांचे, टाक्यांचे, भाजलेल्या कातडीचे, ते काढायचं आणि सांभाळायचं काम काकूंचं. ते कुणी मागायला आलं की त्यांच्या तोंडून निघणारा पहिला शब्द ठरलेला असे.

“काकू, तेवढा एक फोटो माझ्या मोबाइलवर पाठवा ना.”

“नको.”

“अहो, नुसत्या गुडघ्याचा आहे.”

“गुडघा कुणाचा आहे? तुमचा असेल तर आत्ता पाठवते.”

मागणारा हसत हसत परत जायचा, पण परत जायचा हे खरं.

या नकोकाकूंचा जावई त्याच इमारतीच्या तळमजल्यावर, संगणक विभागात नोकरीला होता, आणि हे नातं दोन वर्षं कुणालाही माहीत नव्हतं. त्याने अर्ज स्वतः केला, परीक्षा स्वतः दिली आणि निवडीचं पत्र हातात पडल्यावरच सासरी तोंड उघडलं. काकूंनी त्याला पाणी दिलं, समोर बसल्या आणि म्हणाल्या, “घरी तुम्ही जावई. तुमचा मान तुम्हाला, त्यात कसूर होणार नाही. पण तिथे तुम्ही तळमजला आणि मी तिसरा मजला. नातं कुणाला सांगायचं नाही.”

“का हो, आई?”

“माझ्यामुळे तुम्ही लागलात असं कुणी म्हटलं तर तुमच्या कामाला बट्टा. तुमच्यासाठी मी एखादा नियम वाकवला असं म्हटलं तर माझ्या. त्यापेक्षा अळीमिळी गुपचिळी बरी.”

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण हा ग्रह सासूपुढे निमूट होता. तेव्हापासून हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार उघडलं की ‘आई’च्या ‘मॅडम’ होत आणि ‘जावईबापूं’चे ‘साहेब’. काकू एकट्या, दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या. त्यांची लेक रोज सकाळी दोन डबे भरायची, एक नवऱ्याचा आणि एक आईचा. कॅन्टीनवाल्याने एकदा दोन्ही डब्यांत डोकावून विचारलं, “काय हो, आज दोघांकडे एकच भाजी?” काकू शांतपणे म्हणाल्या, “बाजारात आज तीच चांगली आली होती.” जावयाला ठसका लागला.

सासू काम कसं करते हे जावयाला कळलं ते स्वतःच्या मानेमुळे. नोकरी लागून चार महिने झाले असतील. मानेवर पुरळ उठलं, खाजवून खाजवून लाल झालं. डॉक्टर म्हणाले, आज एक फोटो काढून ठेवा, पंधरा दिवसांनी पुन्हा काढू आणि ताडून बघू. जावई घरचंच काम समजून तिसऱ्या मजल्यावर गेला.

खोली लहानशीच. खिडकीला जाड पडदा, भिंतीवर राखाडी कापड ताणलेलं, त्यापुढे फिरवून खालीवर करता येणारं गोल स्टूल आणि तीन पायांवर उभा कॅमेरा. कोपऱ्यात आरसा होता, पण त्यावर टॉवेल टाकलेला. इथे येणाऱ्या प्रत्येकाला आरसा बघायचाच असतो असं नाही, ज्याला हवा त्याने मागावा, असा काकूंचा हिशेब होता. त्यांनी दाराला आतून कडी लावली, कॉलर खाली घ्यायला सांगितली, दोन फोटो काढले आणि कॅमेऱ्याचा छोटा पडदा त्याच्याकडे वळवला.

“बघा.”

आपली मान मागून कशी दिसते हे जावयाने जन्मात पाहिलं नव्हतं. पोपडे सुटलेल्या भिंतीसारखं ते लालभडक कातडं बघून तो ओशाळला. मग काकूंनी कागद पुढे सरकवला. त्यावर तीन चौकटी होत्या. पहिली, हा फोटो माझ्या उपचारासाठी वापरा. दुसरी, इथे शिकणाऱ्यांना शिकवण्यासाठी वापरा. तिसरी, बाहेर दाखवा, म्हणजे सभेत, पुस्तकात, पडद्यावर.

“आई, सगळीकडे बरोबरची खूण करून टाका ना. मी काय परका आहे?”

“इथे मॅडम. आणि तुम्ही आपले असलात तरी मान तुमची आहे. हो असेल तिथे तुम्हीच खूण करा. नको असेल तिथे नको असं लिहा. चौकट रिकामी सोडायची नाही.”

“रिकामी म्हणजे नकोच झालं की.”

“रिकाम्या चौकटीत उद्या कुणीही खूण करू शकतं. नको लिहिलेल्या चौकटीत नाही करता येत.”

जावयाने पहिल्या दोन चौकटींत खुणा केल्या. तिसरीपाशी हात थांबला. पडद्यावर ती मान अजून होतीच. त्याने गुपचूप ‘नको’ लिहिलं. काकूंनी चेहऱ्यावरची रेषही हलू न देता खाली तारीख घातली आणि कागद कपाटात कुलूपबंद केला. “खाज आली तरी नखं लावू नका,” एवढं मात्र तो निघताना सासूच्या आवाजात म्हणाल्या.

ही शिस्त कुठून आली ते त्याला बायकोने एका रविवारी सांगितलं. काकू विसाव्या वर्षी एक्स-रेच्या अंधाऱ्या खोलीत कामाला लागल्या होत्या. लाल दिव्यात आठ तास फिल्मा धुवायच्या, चिमट्यांना लटकवून वाळवायच्या. लेकीला लहानपणीची आईची बोटं आठवतात ती त्या औषधाच्या आंबट वासासकट. पुढे एका सर्जनच्या लक्षात आलं की या बाईचा हात कापत नाही, म्हणून त्यांच्या हातात कॅमेरा आला. त्या काळी फोटो बाहेर लावायचा तर डोळ्यांवर काळी पट्टी चिकटवली की झालं, एवढाच नियम होता. काकू पट्टी अगदी सुतासारखी सरळ चिकटवायच्या आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

एकदा हॉस्पिटलच्या आवारात कातडीच्या रोगांचं प्रदर्शन भरलं, सगळ्यांसाठी खुलं. त्यात एका बेकरीवाल्याचा फोटो होता. चेहऱ्यावर आणि हातांवर चट्टे, डोळ्यांवर काळी पट्टी. पण मनगटावर घड्याळ होतं, आणि त्याचा तुटलेला पट्टा निळ्या दोऱ्याने बांधलेला होता. सगळी वस्ती रोज सकाळी त्याच हातातून पाव घ्यायची. आठ दिवसांत बेकरीसमोरची रांग संपली. चट्टे कुणाला लागणारे नव्हते, पण ते ऐकून घ्यायला कोण थांबतं. बेकरीवाला काकूंकडे आला. भांडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “ताई, मी फोटो काढायला हो म्हटलं होतं. लावायला नाही.” पुढच्या महिन्यात तो गाव सोडून गेला. त्यानंतर कितीतरी दिवस काकूंच्या घरात पाव आला नाही.

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, असं लोक काकूंच्या नकोबद्दल म्हणत. काकूंचं तोंड पोळलं नव्हतं. त्यांच्या हातून दुसऱ्याचं पोळलं होतं, म्हणून त्या इतक्या फुंकत होत्या. हे ऐकल्यापासून जावई सासूला थोडा घाबरायला लागला आणि बराचसा मानायला लागला.

या वर्षी हॉस्पिटलाने ठरवलं, की सगळे फोटो आणि सगळी संमतीपत्रं एका ठिकाणी, संगणकात आणायची. प्रत्येक फोटोला त्याच्या मालकाची परवानगी जोडलेली असेल आणि जिथे परवानगी नाही तिथे फोटो उघडणारच नाही. काम जावयाकडे आलं. आठ महिने त्याने जीव ओतला. काकूंच्या कपाटातले अकरा वर्षांचे कागद यंत्राखाली जाणार होते. यंत्र चौकट वाचणार होतं. नियम यंत्रासोबत तयारच आला होता आणि जावयाने तो ठेवला. चौकट कोरी तर नाही, चौकटीत शाई तर हो. जगात सगळीकडे लोक चौकटीत खूणच करतात, मग शंका कशाला यावी?

चाचणीसाठी त्याने काकूंकडे पन्नास भरलेले कागद मागितले.

“भरलेले?” काकू म्हणाल्या. “माझा कागद यंत्राच्या चाचणीला वापरा, असं कुठल्या रुग्णाने कुठे लिहून दिलंय?”

जावयाने दोन दिवस हुज्जत घातली. मग पन्नास कोरे कागद घेऊन खाली आला आणि विभागातल्या मित्रांकडून भरून घेतले. मित्रांनी खुणा केल्या किंवा चौकटी रिकाम्या सोडल्या. पन्नासच्या पन्नास कागद यंत्राने बिनचूक वाचले. आपण स्वतःच एका चौकटीत काय लिहिलं होतं, ते पुरळ गेलं तसं जावयाच्या डोक्यातूनही गेलं होतं. नव्या यंत्रणेला आठवडा झाला तेव्हा काकूंनीच त्याची पाठ थोपटली. “कुलूप चांगलं केलंय, साहेब.” जावई दिवसभर हवेत होता.

शुक्रवारी अकरा वाजता हॉस्पिटलचा वाढदिवस होता. मोठा हॉल, मोठा पडदा, बाहेरचे पाहुणे, सगळे कर्मचारी आणि त्यांची घरची माणसं. नवी यंत्रणा तिथे दाखवायची होती आणि जावयाला नोकरीत कायम केल्याचं पत्र व्यासपीठावर द्यायचं होतं. मोठ्या डॉक्टरांनी विषय निवडला तो चेहऱ्यांच्या शस्त्रक्रियांचा, आधी आणि नंतर. ज्यांच्या तिसऱ्या चौकटीत हो आहे तेवढेच चेहरे यंत्र आपोआप काढणार होतं.

गुरुवारी दुपारी रंगीत तालीम झाली. हॉलमध्ये चौघेच होते. मोठे डॉक्टर, जावई, विजेचं काम बघणारा आणि मागच्या रांगेत काकू. एकामागून एक चेहरे आले. सात गेले, आठ गेले. नवव्या चेहऱ्याचा डावा गाल भाजून वितळल्यासारखा झाला होता, कान नव्हता आणि ओठाचा कोपरा वर ओढला गेला होता.

काकू उभ्या राहिल्या. “बंद करा.”

“काय झालं, काकू?” मोठे डॉक्टर मागे वळून म्हणाले.

“आधी पडदा बंद करा. मग सांगते.”

विजेवाल्याने कुणाच्या हुकमाची वाट न बघता वायर ओढली. काकू लिफ्टसाठीही थांबल्या नाहीत. जिन्याने वर गेल्या आणि धापा टाकत एक कागद घेऊन आल्या. तिसऱ्या चौकटीत निळ्या शाईने ‘नको’ लिहिलं होतं. लिहिणारीने पेन इतकं दाबलं होतं की शेवटाला कागद फाटला होता.

तो चेहरा शिलाईताईचा होता. तळमजल्यावरच्या कापडखोलीत ती हॉस्पिटलच्या चादरी आणि रुग्णांचे झगे शिवायची. नऊ वर्षांपूर्वी तिच्या अंगावर उकळतं तेल सांडलं, इथेच सहा शस्त्रक्रिया झाल्या आणि इथेच तिला काम मिळालं. फोटो काढताना तिची मुलगी दोन वर्षांची होती. “उपचाराला हवे तितके काढा,” ती काकूंना म्हणाली होती. “पण आई म्हटलं की माझ्या मुलीला हा चेहरा आठवायला नको.” उद्या ती मुलीला घेऊन याच हॉलमध्ये बसणार होती.

जावयाला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही. कोरी तर नाही, शाई तर हो. अकरा वर्षं काकूंनी लोकांकडून जे एकेक नको जपून लिहून घेतलं होतं, ते त्याच्या यंत्राने हो म्हणून वाचलं होतं.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते, पण पाहुणे त्यांनी बोलावले होते. ते म्हणाले, “हा एक काढून टाका. बाकीचे उद्या दाखवू आणि सोमवारी शांतपणे सगळं तपासू. उगाच आज बोभाटा कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची.” मग जावयाकडे बघून हळूच म्हणाले, “तुमचं पत्र सही होऊन माझ्या टेबलावर पडलंय.”

एक फोटो यादीतून काढून टाकायला जावयाला एक मिनिटही लागलं नसतं, आणि सोमवार काही लांब नव्हता. त्याच्या मनात हे आलं, खोटं कशाला सांगायचं.

“हिचा चेहरा मला पाठ आहे म्हणून ही सापडली,” काकू म्हणाल्या. “बाकीच्यांचे चेहरे कुणाला पाठ आहेत, डॉक्टर? चूक माझी आहे. चौकटीत नको लिहायची पद्धत माझी. साहेबांनी चाचणीला कागद मागितले तेव्हा दिले नाहीत तेही मीच. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.”

आपल्या वाट्याचं ओझं ही बाई अंगावर घेतेय, तेही पस्तीस वर्षांच्या नोकरीत एकही ठपका नसताना, हे जावयाने ऐकलं आणि त्याची जीभ सुटली. “नाही सर, चूक माझी. शाई म्हणजे हो, हा नियम मी ठेवला. आणि मला माहीत असायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या कागदावर मी नको लिहिलेलं आहे.”

“कागद मी अडवले.”

“तुम्ही बरोबर अडवलेत, मॅडम. मी तेव्हा कोऱ्या कागदावरची पद्धत तरी विचारायला हवी होती.”

“तुम्ही मधे बोलू नका, साहेब.”

“मी मधे नाही, मीच बोलतोय.”

मोठ्या डॉक्टरांनी आळीपाळीने दोघांकडे बघितलं. “तुम्ही दोघं चुकीवरून भांडताय की मानपानावरून?”

विजेवाला वायर गुंडाळायच्या निमित्ताने खाली वाकून हसला. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. “बरं. उद्या अकरापर्यंत काय होऊ शकतं ते सांगा.”

“दहा मिनिटांत सगळ्यांची तिसरी चौकट बंद करतो,” जावई म्हणाला. “सगळेच नको. मग कागद एकेक करून डोळ्यांनी वाचायचा आणि ज्याने खरंच हो म्हटलंय त्याचाच फोटो उघडायचा.”

“आणि वाचून पुरे झाले नाहीत तर?”

“तर पडदा कोरा राहील,” काकू म्हणाल्या.

“आणि तुमचं पत्र?”

“ते तुम्ही ठरवा, सर,” जावई म्हणाला. म्हणून गेला खरा, पण त्याचे कान तापले.

तिसऱ्या चौकटीत शाई असलेले कागद सहाशे बेचाळीस निघाले. ते उघडून वाचायचा अधिकार दोघांनाच होता, म्हणून दोघेच बसले. चहाच्या वेळेलाही दोघं खाली उतरली नव्हती आणि फोनही उचलत नव्हती, म्हणून लेक खाण्याचे दोन डबे भरून तिसऱ्या मजल्यावर आली.

“बाहेर बाकावर बस,” काकूंनी दारातूनच सांगितलं. “आत तुझं काम नाही.”

“अगं आई, मी तुझी मुलगी आहे.”

“कागद तुझ्या आईचे नाहीत.”

ती बिचारी मांडीवर दोन डबे घेऊन बाकावर बसली. तेवढ्यात कॅन्टीनवाला चहाची किटली घेऊन तिथून गेला. त्याने डबे बघितले, बाई बघितली, तिचं काकूंसारखं नाक बघितलं आणि मान डोलावत पुढे गेला.

आत जावई वाचत होता आणि वाचता वाचता त्याचा वेग कमी होत होता. चौकट हो आणि नाहीसाठी असते, असं तो आठ महिने धरून चालला होता. लोक मात्र त्या बोटभर जागेत बोलले होते. कुणी लिहिलं होतं, ‘हो, पण फक्त हात.’ कुणी, ‘मी गेल्यावर दाखवा.’ एका बाईने, ‘नको. घरच्यांनी हो म्हटलं तरी नको.’ एका म्हाताऱ्याची अक्षरं चौकट ओलांडून पार खालपर्यंत गेली होती, ‘दाखवा सगळ्यांना. बघू देत मी वाचलो ते.’ समोर बसलेल्या माणसाला आपलं ऐकायला वेळ आहे असं वाटल्याशिवाय कुणी कागदाशी असं बोलत नाही. काकूंनी इतकी वर्षं त्या स्टुलावर कुणाकुणाला बसवलं असेल आणि किती थांबल्या असतील, ते जावयाला त्या दुपारी कळलं.

साडेसहाला शेवटचा कागद झाला. नको लिहिलेले सत्त्याण्णव निघाले. काकूंनी त्यातला एक उचलून त्याच्यापुढे ठेवला. “हे तुमचंच अक्षर ना, साहेब?” जावयाने ते बघितलं. स्वतःचं नको त्याने स्वतःच्याच हाताने हो करून ठेवलं होतं. त्याने तो कागद सत्त्याण्णवांच्या गठ्ठ्यात परत ठेवला.

“आता या सत्त्याण्णव जणांना कळवायचं,” त्या म्हणाल्या. “तुमचं दार नऊ दिवस उघडं राहिलं होतं, म्हणून.”

“सगळ्यांना?”

“ज्याने नको लिहिलं त्याला. पहिली उद्या सकाळी, कापडखोलीत. मी सांगते, तुम्ही बरोबर चला.”

शुक्रवारी आठ वाजता शिलाईताई मशीनवर बसलेली होती. काकूंनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. मशीन थांबलं.

“कोण कोण होतं?” तिने विचारलं.

“मोठे डॉक्टर, विजेचं काम करणारे, हे साहेब आणि मी.”

“किती वेळ?”

“चार-पाच सेकंद,” जावई म्हणाला. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं, पण त्याने बघितलं.

तिने मांडीवरची चादर उलटी केली, शिवण तपासल्यासारखं केलं. “तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं.”

“म्हणून तर आलो,” काकू म्हणाल्या.

मग शिलाईताई जावयाकडे वळली. “आता ते यंत्र नको वाचतं का?”

“आता खूण असेल तरच हो धरतं. बाकी काहीही लिहिलेलं असेल तर माणसाने वाचल्याशिवाय उघडत नाही.”

“उसवतं कुठेही,” ती म्हणाली. “माझ्या हातचंही उसवतं. पण उसवलं हे सांगायला कुणी येत नाही, घडी घालून खाली दडपून ठेवतात.” तिने दोरा दाताने तोडला. “अकराला येते मी. मुलीला शाळेतून आणणार आहे.”

अकराला हॉल भरला. पडद्यावर चेहरे आले, पण प्रत्येक चेहऱ्यामागे आता डोळ्यांनी वाचलेलं हो होतं. म्हाताऱ्याचा चेहरा आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकूंनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या तिसऱ्या रांगेतल्या शिलाईताईच्या मुलीकडे बघत होत्या. अकरा वर्षांची ती पोर थोडा वेळ बघत राहिली, मग कंटाळून आईच्या पिशवीतली मोजायची टेप काढून तिचं वेटोळं करत बसली. शेवटचा चेहरा गेला, दिवे लागले आणि काकूंनी रुमालाने चष्मा पुसला.

जावई कडेला उभा होता. त्याने वहीतलं पान फाडलं, त्यावर एक चौकट काढली, वर काहीतरी लिहिलं आणि घडी घालून रांगेतून काकूंकडे पाठवलं. मोठे डॉक्टर तेवढ्यात माइकपाशी आले. म्हणाले, आज एक पत्र द्यायचं होतं, ते सहा महिने पुढे ढकललं आहे, का ते ज्याचं आहे त्यानेच सांगायचं ठरलंय. जावई व्यासपीठाकडे निघाला तेव्हा घडी घातलेला कागद हातोहात परत आला. तो त्याने खिशात घातला.

त्याने सगळं सांगितलं. कुणाचं नाव घेतलं नाही, कुठला चेहरा तेही नाही. यंत्राने शाईला हो समजणं ही त्याची चूक, सत्त्याण्णव माणसांचं नको, आणि त्यातलं एक त्याचं स्वतःचं. “हे सगळं आज पडद्यावर आलं असतं,” तो म्हणाला. “आलं नाही, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडमना माणसं पाठ आहेत. आपण त्यांना नकोकाकू म्हणतो. ते नको त्यांचं नव्हतं हो. ते लोकांचं होतं, त्या फक्त सांभाळत होत्या.”

मग त्याने खिशातला कागद काढून उघडला. वर त्याच्या अक्षरात होतं, ‘आपलं नातं सांगू का?’ खाली चौकटीत काकूंनी खूण केली नव्हती. लिहिलं होतं, ‘हो. आता सांगा.’

“त्या माझ्या सासूबाई आहेत,” जावई म्हणाला. “दोन वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांनी नको म्हटलं होतं. आत्ता परवानगी मिळाली. मी त्यांचा जावई आहे याचा मला फार अभिमान आहे.”

हॉल टाळ्यांनी दणाणला. “मला भाजीवरूनच वाटलं होतं,” कॅन्टीनवाला मागून शेजारच्याला सांगत होता. शिलाईताई उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि तिची मुलगी का ते न कळता गळ्यात टेप अडकवून तिच्यापेक्षा जोरात वाजवत होती.

जावई पायऱ्या उतरून खाली आला तेव्हा काकू तिथे येऊन उभ्या होत्या. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत. त्यांनी त्याच्या हातातला कागद घेतला, पेन काढलं आणि चौकटीखाली काहीतरी लिहून कागद आपल्या पर्समध्ये ठेवला.

“काय राहिलं होतं?” त्याने विचारलं.

“तारीख,” काकू म्हणाल्या. “संमतीपत्रावर तारीख लागते, जावईबापू.”